एकोणतिसावा सेकंद

ड्युलुथ, मिनेसोटा
सोमवार, ६ मार्च २०२३

प्रिय मार्लिस,

तुझी आणि ड्वेनची तब्येत ठीक असेल असं धरून चालते. तिकडे ॲरिझोनात ड्वेन अर्ध्या चड्डीत गोल्फ खेळत असेल. इकडे आम्ही अजून फावडी मारतोय. काल बर्फ खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत होता, आज कड दिसतच नाही. फावडं उचलताना डावा हात कुरकुरतो, पण ते जुनंच. शेजारचे टॉर्व्हिक रोज विचारतात, कसं काय. मी म्हणते, फार वाईट नाही. छप्पर कोसळून अंगावर पडलं तरी आपल्याकडे उत्तर हेच.

फोन तीनदा केला, तू उचलला नाहीस. ईमेल पाठवला तर तो आल्या पावली परत आला. म्हणून कागद. कागद निदान दारापर्यंत तरी जातो.

बातम्या फारशा नाहीत. शाळेचं ग्रंथालय चाललंय, मुलं पुस्तकांपेक्षा गालिचावर लोळायला जास्त येतात. रविवारी चर्चच्या तळघरात एलेनॉरच्या नवऱ्याच्या अंत्यविधीनंतरचं जेवण होतं. भट्टीत भाजलेली बटाटा-मांसाची हॉटडिश, हॅमचे सँडविच, आणि मी नेलेल्या लिंबाच्या वड्या. शेवटची वडी ताटात राहिली. कोणी तरी अर्धी कापून घेतली, मग कोणी तरी त्या अर्ध्याची अर्धी. आम्ही निघालो तेव्हा ताटात नखाएवढा तुकडा होता, आणि तो टाकून द्यायचं धाडसही कोणाला झालं नाही. तू असतीस तर हसली असतीस.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

शुक्रवारी त्या व्हिडिओच्या साइटकडून मला तीन पत्रं आली. बाबांवर मी केलेल्या व्हिडिओंचे तिन्ही भाग उतरवले गेले आहेत. कॉपीराइटची तक्रार. मला पहिल्यांदा वाटलं, तू बाबांचे टीव्हीवरचे जुने कार्यक्रम ज्या कंपनीला दाखवायला दिलेस त्यांच्या यंत्राचं हे काम असेल. यंत्राला काय, चित्राशी चित्र जुळलं की ते भुंकतं. कोण कशासाठी दाखवतंय हे त्याला कुठे कळतं. मी निवांतपणे पत्राच्या तळाशी गेले आणि तक्रार करणाऱ्याचं नाव वाचलं. मार्लिस हेगडॉर्न. तिन्हीवर तुझंच.

मी रागावलेली नाही. म्हणजे आहे, पण ते असो.

हक्क तुझाच आहे हे मला मान्य आहे. बाबा गेले तेव्हा याच चर्चच्या तळघरात, याच टेबलांवर, तू कागद पुढे केलास आणि मी न वाचता सही केली. बाबांच्या 'दीपगृहाची वेळ' या मुलांच्या कार्यक्रमातला माझा अर्धा वाटा तुला. मला त्या माणसाचं काही नको होतं, त्याची टोपीसुद्धा नाही. तेव्हा फार सुटल्यासारखं वाटलं होतं. अर्धा वाटा माझ्याकडे असता तर आज मला कोणाला विचारायची गरज नव्हती, घरचंच होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पण मार्लिस, मी कार्यक्रम चोरून दाखवत नव्हते. मी त्याच्यावर बोलत होते. बाबा म्हणजे पूर्ण शहराचे लाडके लेनकाका, डोक्यावर खलाशाची टोपी, बाजूला बाकावर वाढदिवसाची मुलं, टेबलावर तुझा टोबी, हातात घालायचा बाहुला समुद्रपक्षी, चोच वाजवून सगळ्यांना हसवणारा. मी फक्त चित्र थांबवून लोकांना बाबांचा दुसरा हात दाखवला. बाकाच्या मागे गेलेला, कॅमेऱ्याला अर्धाच दिसणारा. तो हात त्या मुलांच्या दंडाला काय करत होता ते सांगितलं. एखाद्या कामावर टीका करायची तर त्यातला तुकडा दाखवावाच लागतो, आणि आपल्या कायद्यात त्याला जागा आहे. त्याला वाजवी वापर म्हणतात. शिवाय मी एका भागातून एकोणतीस सेकंदांहून जास्त काही घेतलेलं नाही. तीस सेकंदांच्या आतलं चालतं हे कोणालाही ठाऊक आहे.

मला व्हिडिओची एवढी काळजी नाही. खाली लोकांनी लिहिलं होतं त्याची आहे. तू ते वाचलंस का, मला माहीत नाही. एकतीस जण होते, त्या बाकावर बसलेले. आता पन्नाशी-साठीचे. प्रत्येकाने तेच लिहिलं होतं, दंडाच्या आतल्या बाजूला दोन बोटांचा चिमटा, कोपराच्या वर. एकमेकांना ओळखतही नाहीत आणि जागा तीच. एक बाई होती, तिने तिथे नाव लावलं होतं किटल रिव्हर ६१. तिने लिहिलं, मी हे नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला सांगितलं तर तिने थोबाडीत मारली, हे मी फक्त इथे लिहिते आहे, कृपा करून हे काढू नका.

व्हिडिओ उतरला की खालचं लिखाणही दिसेनासं होतं, मलासुद्धा. मी त्याची नक्कल काढून ठेवली नव्हती. दुसऱ्याचं लिहिलेलं न विचारता उचलू नये, म्हणून. शहाणीच मी.

तीन तक्रारी झाल्या की साइट खातंच बंद करते. वीस तारखेपर्यंत मुदत आहे. तोवर तू तक्रार मागे घेतलीस तर सगळं जागच्या जागी येईल, त्या एकतीस जणांसकट. नाही घेतलीस तर वीस तारखेला ते कायमचं पुसलं जाईल. तुला एक ओळ लिहायची आहे, बस.

ड्वेनला नमस्कार. उन्हात टोपी घालत जा.

तुझी,
कोरिन


ड्युलुथ
बुधवार, १५ मार्च

प्रिय मार्लिस,

काल तुझी पेटी आली. ग्रेपफ्रूट, अठरा. एकही फुटलेलं नव्हतं. आत चिठ्ठी असेल म्हणून मी पेटीतला सगळा भुसा जमिनीवर ओतला, मग केर काढत बसले. चिठ्ठी नव्हती. फळं चांगली आहेत, आभारी आहे. टॉर्व्हिकना चार दिली.

म्हणजे माझं पत्र पोचलं. आणि उत्तर हे.

मी विद्यापीठात कायद्याचा मोफत सल्ला देतात तिथे जाऊन आले. रोझलिन टेट म्हणून एक वकीलबाई होत्या, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, केसांत पेन्सिल खोचलेली. त्यांनी मला चार प्रश्न समजावून सांगितले आणि मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान डोलावत राहिले. कशासाठी वापरलं, नुसतं पुन्हा दाखवायला की काही नवं म्हणायला. मूळ काम कोणत्या प्रकारचं. किती घेतलं. आणि घेतल्यामुळे मूळ कामाच्या बाजाराला धक्का बसला का.

शेवटच्यावर मी अडले. विचारलं, माझं ऐकून लोकांनी बाबांचा कार्यक्रम बघणं सोडलं तर? ते नुकसानच झालं की. त्या म्हणाल्या, ते कायदा मोजत नाही. खाणावळीतल्या सुपात माशी आहे म्हटलं आणि गिऱ्हाईक उठून गेलं तर तो तुमचा गुन्हा नव्हे. तुम्ही तेच सूप बाहेर विकलं असतं तर गोष्ट वेगळी. कागदावर तुमची बाजू भक्कम आहे, म्हणाल्या.

मी सुखावले, तेवढ्यात त्यांनी पुढचं सांगितलं. बाजू भक्कम असणं आणि व्हिडिओ परत येणं यांचा संबंध नाही. वाजवी वापर हा दाराला लावायचा कडी-कोयंडा नव्हे. आधी कोणी तरी तुम्हाला कोर्टात ओढतं, मग तिथे उभं राहून तुम्ही तो म्हणायचा. तोवर ज्याने तक्रार केली तो खरा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

मी हरकतीचा अर्ज भरू शकते. शपथेवर लिहायचं, की हे चुकून उतरवलं आहे. त्यात माझं खरं नाव, घरचा पत्ता, आणि गरज पडली तर कोर्टात हजर राहीन अशी कबुली. तो अर्ज तुझ्याकडे जाईल. मग तुला दहा दिवस. त्यात तू कोर्टात गेली नाहीस तर व्हिडिओ आपोआप वर येईल. गेलीस, तर न्यायाधीश मूळ कार्यक्रम मागवतील. किती घेतलं हे ठरवायचं तर पूर्ण काय होतं ते बघावं लागतं ना. अख्खा भाग, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळ्यांसमोर.

मग त्यांनी माझा दुसरा भाग त्यांच्या संगणकावर लावला, मी दिलेल्या प्रतीवरून. माझा स्वतःचा, आठव्या वाढदिवसाचा. बाबा हसतायत, मी बाकावर गुलाबी फ्रॉकमध्ये, टोबी चोच वाजवतोय, बाबांचा उजवा हात बाकाच्या मागे जातो. आणि चित्र काळं. त्यांनी ते दोनदा बघितलं.

"एकोणतिसाव्या सेकंदाला का थांबलात?"

"तीस सेकंदांचा नियम आहे ना."

"असा नियम नाही, मिस सुंडवाल. कधीच नव्हता. कायद्यात सेकंद मोजलेले नाहीत. मुद्द्यासाठी लागेल तेवढं घेता येतं. इथे तर मुद्दा यायच्या आतच तुम्ही थांबलात."

मी म्हटलं, अगंबाई, हो का. त्या हसल्या. म्हणाल्या, तुम्हीच एकट्या नाही, अर्ध्या अमेरिकेला तसं वाटतं, पण ग्रंथपालबाईंनाही वाटावं ही कमाल आहे. मीही हसले.

त्यांचं खरं आहे. त्या व्हिडिओखाली काही जणांनी टिंगल केलीच होती. एका गृहस्थाने लिहिलं होतं, वडिलांनी मुलीच्या पाठीमागे हात ठेवला, यात रडण्यासारखं काय, आमचं बालपण खराब करू नका. एकोणतीस सेकंदांत दिसतं ते एवढंच. त्याला मी काय दाखवणार होते.

अर्ज मी भरून ठेवला आहे. पाठवलेला नाही. मी पाठवला तर तुला कोर्टात जायचं की नाही ते ठरवावं लागेल, आणि मला तुला त्या कोपऱ्यात ढकलायचं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तूच मागे घे. मी सोमवारपर्यंत थांबते.

मला एक गोष्ट मात्र विचारायची आहे. तक्रारीच्या अर्जात एक चौकोन असतो, रोझलिनने मला दाखवला. 'हा वाजवी वापर असू शकतो याचा मी विचार केला आहे' असं लिहिलेलं असतं आणि त्याच्यावर खूण करावी लागते. तू ती खूण केलीस. विचार केलास का गं? तिन्ही वेळा?

परवा शाळेच्या पत्त्यावर किटल रिव्हर ६१ चा ईमेल आला. तिने मला शोधून काढलं. एवढंच लिहिलं होतं: "तुम्हीही काढलात. समजलं." मी लगेच उत्तर पाठवलं, की मी नाही काढलं, थोडा धीर धरा, माझी बहीण मागे घेणार आहे.

असं मी तिला लिहिलं आहे, मार्लिस.

तुझी,
कोरिन


ड्युलुथ
गुरुवार, २३ मार्च

मार्लिस,

सोमवार गेला. मी दिवसभर शाळेत संगणक उघडा ठेवून बसले होते. सातवीची मुलं येत होती, जात होती. हरकतीचा अर्ज एका खिडकीत, खाली 'पाठवा' म्हणून निळं बटण. दुसऱ्या खिडकीत माझी ईमेलची पेटी. तुझं काही आलं की दिसावं म्हणून. शाळा सुटली, राखणदार दिवे मालवायला आला, तोवर मी बसले होते. बटण दाबलं नाही. मंगळवारी सकाळी खातं उघडायला गेले तर असं खातंच नाही म्हणून सांगण्यात आलं.

आणि त्याच सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी साइटचा दुसरा ईमेल आला. तक्रारदाराने तिन्ही तक्रारी मागे घेतल्या आहेत. कारण लिहायच्या जागेत तू लिहिलेलं त्यांनी जसंच्या तसं मला पाठवलं: "मला वाटलं ती हरकत घेईल. तिला पूर्ण दाखवू द्या."

मी ते खुर्चीवर बसून वाचलं, मग उभी राहून वाचलं.

तू मी पाठवायची वाट बघत होतीस, मी तू मागे घ्यायची. दोघी सभ्यपणे. लिंबाची वडी, मार्लिस. तूही सुरी ठेवलीस, मीही ठेवली, आणि ताट उचलून नेलं. दुसरीकडे कुठे जन्मलो असतो तर एकमेकींच्या झिंज्या उपटल्या असत्या आणि ती एकतीस माणसं वाचली असती.

मी साइटला चार पत्रं लिहिली. तक्रारच उरलेली नाही, तर खातं परत द्या म्हटलं. शेवटी एका माणसाने उत्तर दिलं, निदान माणूस असावा, त्याला वाईट वाटलं असं त्याने लिहिलं होतं. मुदत संपली की सगळं पुसलं जातं, खालच्या लिखाणासकट, ते परत आणता येत नाही. मी हवं तर नवं खातं काढून तेच व्हिडिओ पुन्हा चढवू शकते. चढवीन. खाली पाटी कोरी असेल. किटल रिव्हरला मी तीन ईमेल पाठवले, एकाचंही उत्तर नाही. तिला वाटतंय मीही तिच्या आईसारखीच. मला वाटतं, ती आता कोणालाच सांगणार नाही.

तू लिहिलंस, पूर्ण दाखवू द्या. म्हणजे तू ओळखलंस, मी कुठे थांबले ते. मग आता खोटं बोलून काही राहिलेलं नाही.

माझ्या ग्रंथालयात दाराजवळ एक तक्ता लावलेला आहे. मीच केलाय, एकोणीस वर्षांपूर्वी. त्याच्यावर ते चार प्रश्न आहेत. दरवर्षी सप्टेंबरात सातवीला मी ते शिकवते. दरवर्षी कोणी तरी कार्टं विचारतंच, बाई, तीस सेकंद घेतले तर चालतं ना? म्हणून मी तक्त्याच्या तळाशी लाल शाईने लिहून ठेवलं आहे: 'तीस सेकंदांचा नियम नावाची गोष्ट नाही.' रोझलिनसमोर मी अगंबाई म्हणाले ते नाटक होतं. तुलाही पहिल्या पत्रात तेच लिहिलं. मला पहिल्यापासून माहीत होतं की मी पाहिजे तेवढं घेऊ शकते.

आईने तो भाग घरच्या यंत्रावर टेपवर उतरवून घेतला होता, माझा वाढदिवस म्हणून. ती गेल्यावर नाताळच्या सजावटीच्या खोक्यात मला ती टेप सापडली. मी ती इतक्या वेळा पाहिली आहे की मला घड्याळ लागत नाही.

एकोणतिसाव्या सेकंदाला हात मागे जातो. मी रडायला लागलेय, कारण आधीच्या मुलाला त्यांनी चिमटा घेतला तो मी पाहिला होता, आणि माझ्या पार्टीत रडणं म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. बाबा कॅमेऱ्याकडे बघून हसतात आणि माझा डावा हात मागे पिरगाळतात. चौतिसाव्या सेकंदाला आवाज येतो. टीव्हीवर तो फार बारीक आहे, पेन्सिल मोडल्यासारखा. माझ्या तोंडावर कळतं. आणि टोबी, जो बोलत होता, तो वाक्याच्या मध्येच थांबतो.

टेबलाखाली तू होतीस. वीस वर्षांची, गुडघे दुमडून, एक हात टोबीत आणि दुसरा माझ्या घोट्यावर. माझा भाग असला की तू नेहमी धरायचीस, मी घाबरू नये म्हणून. त्या चौकटीत तू कुठेच नाहीस. फक्त टोबी आहे, चोच उघडी ठेवून, एकदम मुका. चार सेकंद. पस्तीस, छत्तीस, सदतीस, अडतीस. मी आजवर त्या चार सेकंदांवर जगले आहे. आईने डॉक्टरला सांगितलं की मी बर्फावर घसरले. गाडी तू चालवलीस आणि नर्सला तूही तेच सांगितलंस. पण मला वाटायचं, त्या चार सेकंदांत तुला कळलं होतं. घरात कोणाला तरी कळलं होतं.

मग एकोणचाळिसावा सेकंद येतो. टोबी मान वर करतो, चोच वाजवतो, आणि तुझ्या त्या चिरक्या आवाजात म्हणतो, "बघा बघा, आठ वर्षांची झाल्याचा एवढा आनंद झाला की रडूच आलं हिला!" बाकावरची सगळी मुलं हसतात. बाबा हसतात. माझ्या घोट्यावरचा हात सुटतो. एक्केचाळिसाव्याला कार्टून सुरू होतं.

म्हणून मी एकोणतिसाव्या सेकंदाला थांबले. लोकांनी बाबांचा हात बघावा, तुझा आवाज ऐकू नये. वाजवी वापर वगैरे सगळं खरं आहे, कायदा माझ्याच बाजूने होता, आणि मीच पुरावा कापून टाकला. मग त्या टिंगल करणाऱ्या गृहस्थाचं काय चुकलं. त्या एकतीस जणांनी माझ्यावर विश्वास ठेवून आपापलं लिहिलं, आणि मी त्यांच्यापुढे अर्धवट साक्ष ठेवली. हरकत घेतली असती तर न्यायाधीशांसमोर अख्खा भाग लागला असता. म्हणून निळं बटणही दाबलं नाही. तुला वाचवायला मी त्यांना बुडवलं, एवढं सरळ आहे ते.

आणि तू मला पूर्ण दाखवायला सांगतेस, एक दिवस उशिरा.

तुला राग यावा म्हणून हे लिहीत नाही. तू वीस वर्षांची होतीस, तुलाही त्याच घरी जायचं होतं. तू थांबली असतीस तर त्यांनी घरी आल्यावर तुझं काय केलं असतं ते मला माहीत आहे. मी स्वतःला हे हजारदा सांगितलं आहे. सांगून होतं, पण पुन्हा टेप लावली की टोबी बोलायला लागतोच.

टेप या पत्रासोबत पाठवते आहे. एकच प्रत आहे. मी दुसरी काढली नाही आणि काढणारही नाही. तुझ्याकडे टीव्ही स्टेशनवरच्या मूळ फिती आहेत, पण मला वाटत नाही तू त्या कधी लावल्यास. ही लाव. तुला कोणाची परवानगी लागत नाही, कुठल्याही चार प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत नाहीत, सगळं तुझंच आहे. एकोणतीसनंतरचे बारा सेकंद मी कोणालाच दाखवलेले नाहीत. पहिली तूच.

मग दाखवायचं की नाही, ते तू ठरव. मी आता थकले. नवं खातं काढलं तरी त्या कोऱ्या पाटीकडे रोज सकाळी बघत बसायची माझ्यात ताकद नाही. शाळेतला तो तक्ता मी काल उतरवला. मुलांनी विचारलं, बाई, का काढला? मी म्हटलं, जुना झाला.

उत्तर लिहायचं असेल तर लिही, पेटी पाठवू नकोस. ग्रेपफ्रूट अजून सहा शिल्लक आहेत, सुरकुतायला लागली आहेत.

आठव्या वाढदिवसाच्या, टोबीच्या तोंडून आलेल्या तुझ्या शुभेच्छा मला त्याच दिवशी पोचल्या होत्या. कळवायचं राहून गेलं होतं.

तुझी बहीण,
कोरिन